तेल तोडल्यानंतरची अकरा मिनिटं

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! ट्रंक, गादीची वळकटी, हत्यारांची पेटी आणि ही वही. वही हिनंच दिली. म्हणाली, तिकडे बोलायला कोणी नसणार आणि तुम्हाला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, तेव्हा लिहीत जा. बायकोची आज्ञा. लिहितो.

खोली छान आहे. वरचा मजला, दोन खिडक्या, एक रस्त्याकडे आणि एक घरमालकीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींकडे. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी मला पहिल्यांदा चपला कुठे काढायच्या ते दाखवलं, दुसऱ्यांदा नळ कसा बंद करायचा ते दाखवलं, आणि सव्वीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाला तिसऱ्यांदा दाराची कडी कशी लावतात ते दाखवलं. मी तिन्ही वेळा मान हलवली. शाळेत हलवली नव्हती, तेव्हा आता भरपाई.

संध्याकाळी ऑफिस बघून आलो. उद्यापासून खुर्चीवरचं काम. गुडघे गेले तेव्हा वाटलं होतं, संपलं आपलं. गाडीखाली सरपटता येईना तो कसला मेकॅनिक! आणि आता बघा. सव्वीस वर्षं बंद गाड्या चालू करायचो. आता चालू गाड्या बंद करायच्या, तेही बसल्या जागेवरून. लेकीला, चिमीला, फोनवर हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. परीक्षा संपली की दोघी इकडेच यायच्या आहेत. बाईंना विचारून ठेवलं आहे, शेजारची खोलीही मिळेल.

५ मार्च, मंगळवार

कंट्रोल रूम दुसऱ्या मजल्यावर आहे. पडदे कायम ओढलेले, एसी इतका गार की मार्चमध्ये स्वेटर. भिंतीवर मोठा नकाशा, त्यावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक गाडी. ज्यांनी ज्यांनी आमची डबी बसवून घेतली आहे ते सगळे.

डबी म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी लपवतात. तिच्यात सिमकार्ड असतं आणि तिची एक वायर पेट्रोलच्या पंपाकडे जाते. गाडी चोरीला गेली की मालक आम्हाला फोन करतो, आम्ही इथून बटण दाबतो, पंपाची वीज तुटते. पंप थांबला की इंजिनाला तेल नाही. दोन-तीन गचके, आणि चोर रस्त्यात. ऑफिसात याला "तेल तोडणं" म्हणतात. मी हेच काम जुन्या काळी सीटखाली चोरस्विच बसवून करायचो. मालक स्वतःच विसरायचे आणि सकाळी गाडी चालू होत नाही म्हणून मलाच बोलवायचे.

शिकवायला एक बाई आहेत. सात वर्षं इथेच. मोठा थर्मास घेऊन येतात, त्यातला चहा कुणालाही देत नाहीत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव थर्मासबाई ठेवलं. आज त्यांनी मला अर्धा कप दिला, तेव्हा नाव बदलावं की काय असं वाटायला लागलं आहे.

८ मार्च, शुक्रवार

नियम पाठ झाले. तेल तोडण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. मालकाचा गुप्त शब्द. गाडीचा वेग. आणि जागा. पूल, रेल्वेचं फाटक, घाटातलं वळण, असल्या ठिकाणी तोडायचं नाही, गाडी पुढे मोकळ्यावर येईपर्यंत थांबायचं. थर्मासबाई म्हणाल्या, चोर दोन मिनिटांत काही परदेशी जात नाही.

गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी एक लाल बटण असतं. अडचणीत असलेल्या मालकानं ते दाबायचं. दाबलं की आमच्याकडे लाल दिवा लागतो, टीं टीं वाजतं, आणि डबीतल्या छोट्या स्पीकरवरून आपल्याला त्यांच्याशी बोलता येतं.

११ मार्च, सोमवार

पहिली गाडी धरली! दुधाचा टेम्पो. भर बाजारातून पळवलेला. मी वेग बघितला, जागा बघितली, तो पेट्रोलपंपासमोरच्या सरळ रस्त्यावर येईपर्यंत दम धरला आणि तोडलं. चौदा मिनिटांत पोलिस पोचले. चोर तिथेच बसून टेम्पोला लाथा घालत होता म्हणे. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, ज्याच्या हाताला इंजिन कळतं त्याच्या बोटाला बटण कळतं. मला हे वाक्य फारच आवडलं. चिमीला दोनदा सांगितलं.

१४ मार्च, गुरुवार

आज दुसरी. दुपारी तीन वीसला फोन आला. छोटी चंदेरी गाडी, घरासमोरून गेली. मालकाचा आवाज अगदी शांत. नळ गळतोय असं सांगावं तसा. गुप्त शब्द बरोबर होता. थर्मासबाई बँकेत गेल्या होत्या, खोलीत मी एकटाच. सगळं नियमाप्रमाणे केलं. तीन सव्वीसला तेल तोडलं. गाडी थांबली. ठिकाण पोलिसांना कळवलं. चार वाजता सुटी झाली, खोलीवर आलो.

घाटाजवळची जागा होती. पण थांबली व्यवस्थित.

बाकी विशेष नाही.

१५ मार्च, शुक्रवार

चोर नव्हता. मालकाची बायकोच गाडी चालवत होती. वडिलांकडे निघाली होती. गाडी घाटातल्या तिसऱ्या वळणावर, चढाला बंद पडली. वरून लाकडांचा ट्रक येत होता. लांब ओंडके असले की वळण मोठं घ्यावं लागतं. त्यानं घेतलं.

जागच्या जागी गेली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, स्वतः उठून पाणी दिलं. म्हणाले की मालकानंच फोन केला, शब्द बरोबर दिला, त्या माणसाला तरी काय माहीत बायकोनं गाडी नेली आहे. तो बिचारा वेडापिसा झाला आहे. आपली नोंद स्वच्छ आहे. वाईट वाटून घेऊ नका.

मी वेग बघितला होता. वेग बघितला होता हे खरं आहे.

हिला फोन केला, पण हे सांगितलं नाही. तिला उगाच घोर.

१८ मार्च, सोमवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी नकाशावर घाटात एक ठिपका उगवला. क्रमांक त्याच गाडीचा. ती गाडी पोलिसांच्या आवारात आहे, पुढचा भाग राहिलेलाच नाही, डबी तर चेपून भाकरी झालेली. मी फोटो बघितले आहेत.

ठिपका तिसऱ्या वळणावर होता. शेजारी नोंदी पडत होत्या. चावी चालू. चावी बंद. चावी चालू. चावी बंद. कुणीतरी सेल्फ मारून बघतंय, इंजिन लागत नाहीये, पुन्हा मारतंय. तेल नसलं की माणूस हेच करतो. बॅटरी उतरेपर्यंत करतो.

तीन सदतीसला ठिपका गेला.

थर्मासबाईंना दाखवायला बोलावलं तोवर काही नव्हतं. म्हणाल्या, जुना सिग्नल अडकतो कधीकधी. मग माझ्याकडे नीट बघून आपणहून पूर्ण कप चहा दिला. मला तो जाईना.

१९ मार्च, मंगळवार

तीन सव्वीस. पुन्हा.

आज लाल दिवाही लागला. टीं टीं वाजायला लागलं. खोलीत तिघं होतो, कुणी मान वर केली नाही. मी कानाला हेडफोन लावला.

आधी सेल्फचा आवाज. घर्र घर्र घर्र. थांबला. पुन्हा घर्र घर्र. सव्वीस वर्षं हा आवाज ऐकला आहे, झोपेतही सांगेन की पंप चालत नाहीये. मग सेल्फ थांबला आणि श्वास ऐकू आला. बाईमाणसाचा. धाप लागलेला नाही, घाबरलेलाही नाही. दवाखान्यात बाकावर नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा.

तिनं विचारलं, अजून किती वेळ लागेल?

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिथूनही ऐकू येत होतं.

२१ मार्च, गुरुवार

आज जिन्यात एक म्हातारे काका बसलेले दिसले. पांढरा सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. दोन दिवस येतायत म्हणे. मी पाणी विचारलं, तर नको म्हणाले आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली. पायऱ्यांवर!

तिचे वडील.

मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, माझी मुलगी गाडीतून फोनवर बोलत होती माझ्याशी. म्हणाली, बाबा, गाडी बंद पडली आहे, मी लाल बटण दाबलं आहे. इथले साहेब म्हणतात की बटण दाबल्याची नोंदच नाही. जावई म्हणतो, मला माहीतच नव्हतं तीच गाडीत आहे म्हणून. काका म्हणाले, मला कुणाला तुरुंगात नाही घालायचं. ती शेवटी कुणाशी काय बोलली तेवढं मला हवं आहे. ते माझं आहे.

मी म्हणालो की मी इथे नवीन आहे.

खोटं नाही. नवीनच आहे मी.

२२ मार्च, शुक्रवार

साहेबांनी कागद पुढे केला. टाईप करून आणलेला. त्यात लिहिलं होतं की १४ तारखेला सदर वाहनाकडून मदतीची कोणतीही सूचना आली नाही. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

साहेब वाईट नाहीत. त्यांचा आवाज फार मऊ होता. म्हणाले, नोंद यंत्रातून गेली आहे, कशी गेली ते मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका. इथे चाळीस माणसं काम करतात. तुमची मुलगी इकडच्या शाळेत यायची आहे ना?

सही केली. पेन माझंच होतं.

तीन सव्वीसला ती म्हणाली, कुणी येतंय का हो?

२४ मार्च, रविवार

सुटी. खोलीतच होतो. नकाशा नाही, हेडफोन नाही. दुपारी जेवून आडवा झालो तर खाली रस्त्यावर कुणीतरी सेल्फ मारायला लागलं. घर्र घर्र घर्र. मी पडूनच म्हणालो, अरे थांब, प्लग ओले होतील. मग घड्याळाकडे लक्ष गेलं.

खिडकीतून बघितलं. रस्ता रिकामा. एक कुत्रं झोपलेलं, तेही उठलं नाही. आवाज चालूच.

घाबरून हिला फोन लावला. काही नाही, सहज केला म्हटलं. चिमीचे पेपर, सिलिंडर, शेजारच्यांचं भांडण, सगळं विचारलं. तिचा आवाज ऐकत बसायचं होतं नुसतं. मधेच ती थांबली. म्हणाली, तुमच्याजवळ कोण बाई आहे?

मी म्हणालो, कोणी नाही.

ती म्हणाली, मग उतरू का, उतरू का, असं कोण विचारतंय मघापासून?

२५ मार्च, सोमवार

कामावर गेलो नाही. लिहितो. १४ तारखेला लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. या वहीशीसुद्धा खोटं बोललो. वही वाचणार कोण, तर मीच, आणि मलाच फसवत होतो.

एक. जागा मी बघितली नाही. नकाशावर रस्ता नागमोडी दिसत होता. थांबायला हवं होतं, पुढे सपाटी होती, दोन मिनिटांवर. पण टेम्पोवाल्याच्या वेळेसारखी पाठ थोपटून घ्यायची घाई झाली होती.

दोन. लाल दिवा लागला. तीन सव्वीसला. नोंद यंत्रातून आपोआप गेली नाही. १५ तारखेला सकाळी, बातमी कानावर आल्यावर, साहेबांनी बोलवायच्या आधी, ती मी पुसली.

तीन. मालक फोनवर म्हणाला होता, गाडीत बाई असेल. रडून काहीबाही सांगेल, म्हणेल मी बायको आहे, ऐकू नका, टोळीच आहे त्यांची. चोराला डोळ्यांनी न बघता तो हे कसं सांगत होता, हा प्रश्न मला तेव्हाच पडला. तेव्हाच. विचारलं नाही. त्याला पक्कं माहीत होतं गाडीत कोण आहे. आणि हे माहीत असलेला दुसरा माणूस जगात मी एकटा आहे.

चार.

मधे उठून पाणी पिऊन आलो.

चौथं असं की मी तिच्याशी बोललो.

ती रडली नाही. म्हणाली, गाडी अचानक बंद पडली, मी वळणावरच आहे, समोरून काही दिसत नाही. उतरून कडेला उभी राहू का? "उतरू का?" असं तिनं मला विचारलं. परवानगी मागितली. मी गॅरेजमधला, मला माहीत की वळणावर बंद पडलेल्या गाडीत एक क्षण बसायचं नसतं, आधी माणूस खाली, मग गाडीचं काय ते. शेकडो लोकांना सांगितलं आहे. पण मला वाटलं, उतरली की पळेल. दुसरी गाडी धरायची होती मला.

म्हणालो, "उतरायचं नाही. गाडीतच बसायचं. माणसं येतायत."

दरडावून म्हणालो. मग आवाज बंद केला.

तीन सदतीसपर्यंत, अकरा मिनिटं, ती बसून राहिली.

२६ मार्च, मंगळवार

ती छळायला येत नाही. हे मला आत्ता कळलं. ती कुठे गेलेलीच नाही. मी सांगितलं म्हणून बसली आहे. कुणी उतर म्हणेपर्यंत बसणार.

मग आज गेलो ऑफिसात. तीन सव्वीस. लाल दिवा. हेडफोन लावला, माइकचं बटण दाबलं. थर्मासबाई बघत होत्या. बघू देत.

म्हणालो, ताई, उतरा. चुकलं माझं. आत्ताच्या आत्ता उतरा, कठड्याकडे जा, लांब जा.

मग पट्टा सुटल्याचा खट् आवाज. दाराचा आवाज. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं —

मग दार पुन्हा लागलं. पट्टाही.

म्हणाली, नको. ते साहेब म्हणालेत बसा म्हणून.

मी म्हणालो, तो मीच, ताई! मीच तो!

म्हणाली, नाही हो. त्यांचा आवाज वेगळा होता. तुम्ही रडताय.

२७ मार्च, बुधवार

साहेबांना सांगून टाकलं, मी सही केलेला तो कागद खोटा आहे. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. उद्यापासून येऊ नका. ओळखपत्र काढून घेतलं.

जिन्यात थर्मासबाई मागून आल्या. काकांचा पत्ता चिठ्ठीवर लिहून हातात दिला. म्हणाल्या, मी त्या दिवशी बँकेत गेले नसते तर. एवढंच. उलट फिरल्या.

सगळ्यांच्याच पदरात थोडं थोडं आहे. माझ्या पदरात जास्त.

आता आवाज सव्वीसची वाट बघत नाही. नळ सोडला तरी घर्र घर्र. घरमालकीणबाई खालून विचारतात, मोटर लावली का?

२८ मार्च, गुरुवार

काकांकडे गेलो. घाटाच्या पलीकडे, बसनं दीड तास. छोटं घर, अंगणात जुनी डिझेल पिकअप. मुलीची खोली त्यांनी झाडून तयार ठेवली होती. ती येणार होती त्या दिवसापासून तशीच आहे. उशीला नवा अभ्रा.

सगळं सांगितलं. चारही. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून २५ तारखेचं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट ठेवून, एकेक ओळ.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, मला माहीत होतं. ती फोनवर म्हणाली होती, बाबा, एक माणूस बोलला, बस म्हणाला. मी तिला म्हटलं, अगं उतर. तर म्हणाली, नाही बाबा, त्यांना कळतं त्यातलं.

मग म्हणाले, "लहानपणापासून तशीच. सांगितलेलं ऐकायची."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही. चटका बसल्यासारखे.

शेवटी म्हणाले की उद्या पोलिसांकडे जाऊ, ही वही देऊ, जावयाचं काय ते होईल. पण त्याआधी ती जागा मला दाखवा. मी अजून पाहिली नाही. हिंमत झाली नाही.

ते घाटाच्या पलीकडे राहतात. बाजाराला रोज त्याच रस्त्यानं जातात.

हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२९ मार्च, शुक्रवार

गाडीत लिहितोय. काकांनीच लिहायला सांगितलं आहे.

उतारानं आधी खाली गेलो. तिथे चहा प्यालो. काका दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते. मग गाडी वळवली आणि पुन्हा वर निघालो, तिच्या बाजूनं. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यावर तीन गचके बसले आणि गाडी थांबली.

३.२६.

या गाडीत डबी नाही. वायर तोडायला वायरच नाही. जुनं डिझेल. चावीनं बंद होत नाही, डॅशबोर्डखाली एक काळी मूठ असते, ती ओढली की पंपाचं तेल तुटतं.

मूठ ओढलेली आहे. काकांचा हात तिच्यावर आहे.

मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं. म्हणाले, लिहा. कसं वाटतं ते लिहा. अकरा मिनिटं केवढी असतात ते मला कुणी सांगितलेलं नाही.

३.२९. मोठी असतात काका. फार मोठी. तीनच झाली आहेत. समोर नुसता खडक, रस्ता खडकातून बाहेर येतो. काही दिसत नाही. ती म्हणाली होती तसं.

दार उघडं आहे, कुलूप नाही. मी उतरू शकतो. उतरत नाही. मला कुणी बांधलेलं नाही. तिलाही नव्हतं.

३.३१. सीटच्या मधल्या जागेत कुणीतरी आहे. मी तिकडे बघत नाही. पट्ट्याचा आवाज आला. खांद्याला खांदा लागतोय, गार. काका सरकून बसले, जागा करून द्यावी तसे. जिन्यात मला दिली होती तशी.

३.३३. काकांना म्हणालो, तुम्ही उतरा. तुमचा काय दोष? मी बसतो, मला बसायलाच हवं, तुम्ही उतरा — ते रडतायत. म्हणतात, तिच्याजवळ कोणी नव्हतं.

३.३५. वरून हॉर्न. लांब आहे. जड गाडी. इंजिनब्रेकवर उतरतेय, मला आवाज कळतो, भरलेली —

हे बरोबर नाही. म्हातारा माणूस. माझ्यामुळे आणखी एक — नाही. ओढून काढतो त्यांना. माझ्या बाजूचं दार —

हात हँडलवर आहे. वळत नाही. हँडल नाही, हातच वळत नाही

काका उतरूया. काका

विचारलं. मोठ्यानं विचारलं, उतरू का?

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. डोळे त्यांचेच, भरलेले, नको नको म्हणणारे. ओठ हलले. पण आवाज त्यांचा नाही, आवाज माझा, त्या दिवशीचा, दरडावून —

उतरायचं ना